वीतभर पाण्याचा हिशेब

हिवाळ्यात सकाळी गाडीतून उतरलेला पाहुणा पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो, "काय काय आलंय सध्या?" मी गाईड, त्यामुळे पक्ष्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवणं हे माझं कामच आहे. तरी मी आधी पाणी किती आहे ते सांगतो. काहींच्या कपाळावर आठी पडते. मुंबईहून मध्यरात्री निघून आलेल्या माणसाला पाटबंधाऱ्याच्या गप्पा नको असतात. त्याला क्रौंच हवा असतो, तोही उडताना आणि उन्हाच्या बाजूने. पण नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयात कोणता पक्षी कुठे बसेल हे पाणी ठरवतं, आणि पाणी रोज बदलतं. ते न सांगता मनोऱ्यावर नेलं, तर तो माणूस नुसती नावं घेऊन परत जातो.

माझं गाव जलाशयाच्या काठाला. घरची थोडी द्राक्षबाग, थोडा कांदा आणि नोव्हेंबर ते मार्च हे काम. निफाड तालुक्याची थंडी दर वर्षी पेपरात येते. पारा पाच-सहाच्या खाली गेला की द्राक्षाचे मणी तडकायची भीती असते, म्हणून पहाटे बागाबागांतून शेकोट्या पेटतात आणि धूर ओळींमधून रांगत राहतो. मी घरून निघतो तेव्हा निम्मं गाव जागंच असतं. कुणी बागेत धूर करतंय, कुणी रात्रीच्या लाइटवर कांद्याला पाणी भरून परततंय. त्यांच्यासमोर गळ्यात दुर्बीण अडकवून जायला सुरुवातीला मला लाज वाटायची. आता तेच विचारतात, "आज काय हालहवाल खाली?"

काठावर गेल्यावर मी दुर्बीण लगेच डोळ्याला लावत नाही. पाण्यात एक वाळलेली बाभूळ उभी आहे, आधी तिच्या खोडाकडे बघतो. खोडावर ओलीची एक गडद रेघ असते. रेघ पाण्याच्या वर दिसली की रात्रीतून पाणी उतरलं. रेघ दिसत नसेल आणि खोडाशी काडीकचरा गोळा झाला असेल, तर वरून पाणी आलं. वहीत तारीख आणि वेळ टाकली की पुढची ओळ त्या खोडाची. पक्षी त्याच्यानंतर.

याचं कारण पक्ष्यांच्या पायांत आणि मानेत आहे. छोटा टिलवा जेमतेम चिमणीएवढा. त्याला ओला चिखल हवा. पोटाला पाणी लागायला लागलं की तो जागा सोडतो. तुतवार शेपटी हलवत पाण्याच्या अगदी कडेने चालते. शेकाट्याचे गुलाबी पाय अंगाच्या मानाने बेसुमार लांब, त्यामुळे वीतभर पाण्यात तो आरामात फिरतो. त्याच्या पुढे पाणटिवळे, लांब सरळ चोच चिखलात मुळापर्यंत खुपसणारे. कधी कधी सगळं डोकंच पाण्याखाली जातं. मग बदकं. चक्रांग लहान आणि आखूड मानेचं, म्हणून ते उथळातच राहतं. तलवार बदकाची मान लांब. ते शेपूट आभाळाकडे करून उलटं होतं आणि चक्रांगाला न पोचणारा तळ चाचपतं. थापट्या पृष्ठभागावरच पसरट चोच फिरवत राहतो. त्याच्या चोचीच्या कडांना बारीक दात्यांची झालर असते. चहा गाळावा तसं तो पाणी गाळतो आणि किडे-बिया आत ठेवतो. लालसरीला मात्र बुडी मारायची असते, तिला खोल पाणी लागतं.

आमच्याकडे काठाचा उतार इतका मंद आहे की पाणी वीतभर उतरलं तरी चिखलाचा भलाथोरला पट्टा उघडा पडतो. काल जिथे तलवार बदकं उलटी होत होती तिथे आज टिलवे पळत असतात. पाहुण्याला हे एकदा डोळ्यांनी दिसलं की तो नावं विचारायचं सोडून पाय बघायला लागतो. माझं निम्मं काम तिथेच होतं.

हा मंद उतार गाळाने केलेला आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा दगडी बंधारा इंग्रजांच्या काळात, 1907 ते 1913 दरम्यान बांधला गेला. हेतू एकच होता, अवर्षणाच्या मुलखाला पाणी. गोदावरीचे डावा आणि उजवा हे दोन्ही कालवे इथूनच निघतात आणि खाली कोपरगावकडचा ऊस त्यावर उभा राहिला. शंभर वर्षांत दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे बसत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे निव्वळ तोटा, कारण तेवढं पाणी मावत नाही. त्या तोट्यातूनच बेटं तयार झाली, उथळ डबकी झाली, पाणकणसाची बनं वाढली. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. लोक 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणायला लागले. 2020 च्या जानेवारीत रामसर यादीत नाव आल्याची घोषणा झाली. 1,437 हेक्टरांची ही महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आल्या. माणसाने ठरवून केलेलं यात फारच थोडं आहे. बंधारा शेतीसाठी होता, गाळ नको होता, आणि पक्षी तर कुणाच्या आराखड्यातच नव्हते.

सगळे पाहुणे एकदम येत नाहीत. पाऊस सरता सरता पहिल्यांदा दिसतो तो धोबी. शेताच्या बांधावर, रस्त्यावर, अगदी आमच्या शाळेच्या मैदानातही. तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा लागतात. बदकांमध्ये भुवई बदक आधी येतं, थंडी पडायच्याही आधी, आणि त्यातली बरीचशी दक्षिणेला पुढे निघून जातात. तीच फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या वाटेवर पुन्हा थांबतात. नरांच्या डोळ्यावरची पांढरी भुवई तोवर अशी उमटून येते की लांबूनही चुकत नाही. दिवाळीनंतर गर्दी वाढते. सरकारने 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. 5 तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, 12 तारीख सालिम अलींच्या. त्या आठवड्यात शाळांच्या सहली येतात. पोरं पक्षी कमी बघतात आणि दुर्बिणीतून एकमेकांना जास्त बघतात, पण त्यातलं एखादं मनोऱ्याच्या कठड्याला चिकटून बसतं आणि बाईंनी तीनदा हाक मारली तरी हलत नाही. त्याच्यासाठी सगळी सहल आणावी. खरी भर डिसेंबर-जानेवारीत. फेब्रुवारीची उन्हं तापायला लागली की एके दिवशी लक्षात येतं, तलवार बदकं दिसत नाहीयेत. त्यांना जाताना मी कधी पाहिलेलं नाही. ती बहुतेक रात्रीच निघतात.

पाणी उतरत जातं तशी काठाची जमीन मोकळी होते. तिला आम्ही गाळपेर म्हणतो. महिनोन्महिने पाण्याखाली मुरलेली, खत न मागणारी जमीन. तिथे गहू टाकतात, हरभरा टाकतात. इथेच पाहुण्यांची आणि गावाची गाठ पडते. आमच्या शेजारच्या नानांचा गाळपेरीतला हरभरा बोटभर वर आला होता. सकाळी मी काठावर पोचलो तर नाना माझीच वाट बघत होते.

"काय रे, तुझे पाहुणे रात्री पंगतीला बसले होते."

"कोणते, नाना?"

"ते भगवे. जोडीजोडीने आले आन् दोन वाफे सपाट करून गेले."

भगवे म्हणजे चक्रवाक. म्हणलं, "नाना, ते लडाख-तिबेटातून येतात."

"मग तिकडं हरभरा पिकत नाही व्हय?"

मला हसू आलं, नानांना नाही. वाफ्यात जाऊन पाहिलं. कोवळे शेंडे खुडलेले, चिखलात पडदे असलेल्या पावलांचे ठसे, आणि मध्येच एक नारिंगी पीस. पीस नानांनी उचलून टोपीत खोचलं. मग आम्ही दोघांनी मिळून वाफ्याभोवती काठ्या रोवल्या, त्यांना चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या. फटाके वाजवायचे नाहीत एवढं नानांनी कबूल केलं, ते पक्ष्यांसाठी कमी आणि माझा धंदा बुडू नये म्हणून जास्त. "तुझी गिऱ्हाइकं उडून जातील," म्हणाले. त्यांच्यासारखी माणसं गप्प बसून सोसतात, म्हणून हे अभयारण्य टिकलं आहे. पाटीवर त्यांचं नाव नाही. पाहुण्यांना मी ही गोष्ट सांगतो आणि परत जाताना काठावरच्या कुणाकडून तरी भाजी किंवा कांदे घ्यायला लावतो.

भोरड्यांचं आणखी वेगळं. या गुलाबी-काळ्या साळुंक्यांचे थवे संध्याकाळी आभाळात वळणं घेतात तेव्हा लोक मोबाइल वर करून उभे राहतात. तेच थवे पिकत्या द्राक्षांवर उतरले की बागाईतदाराच्या तोंडचं पाणी पळतं. माझी स्वतःची बाग आहे, मीही जाळी लावतो. सकाळी ज्याला दाखवून पैसे घेतले, दुपारी त्यालाच हुसकावतो. दोन्ही खरं आहे आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. फक्त जाळीत कुणी अडकलं नाही ना, हे रोज बघायचं.

पाहुण्यांनी न मागितलेला, तरी मी प्रत्येकाला दाखवतो असा एक प्रसंग आहे. वारकरी पक्षी इथे शेकड्यांनी असतात. काळे, लाल डोळ्यांचे, कपाळावर पांढरा टिळा. इतके असतात की कुणी त्यांच्याकडे बघतच नाही. एका पाहुण्याबरोबर त्यांच्या आई आल्या होत्या. मुलगा लांब लेन्स घेऊन गरुडाच्या मागे गेला, आजी मनोऱ्यावर शाल पांघरून बसल्या. मी म्हटलं, "आजी, आपण इथंच बसू. या काळ्यांकडे बघत राहा."

उन्हं वर आली तसा पाणकणसावरून दलदली भोवत्या आला. तपकिरी अंग, डोक्यावर फिकट पिवळी टोपी, पंख किंचित वर उचललेले. तो उंच उडत नाही, कणसांच्या शेंड्यांवरून जेमतेम हातभर उंचीने तरंगत येतो. त्याला बघताच पसरलेले वारकरी एकमेकांकडे पोहायला लागले. दोन-तीन मिनिटांत पाण्यावर एक काळा गठ्ठा झाला, आणि भोवत्या डोक्यावर आला तसा सगळ्यांनी मिळून पाणी उडवायला सुरुवात केली. तो त्यांच्यावर झेपावला, पाय खाली सोडले आणि शिकार न धरताच वर उचलला गेला. पुन्हा फिरून आला. पुन्हा तसंच.

"भूक नाही काय त्याला?" आजींनी विचारलं.

"आहे ना. तो बघतोय, कोण मागं राहतं."

चौथ्या-पाचव्या फेरीला एक वारकरी गठ्ठ्यापासून सुटला. भोवत्या तत्काळ त्याच्या डोक्यावर. वारकऱ्याने बुडी मारली. वर आला, पुन्हा झेप, पुन्हा बुडी. प्रत्येक बुडी आधीपेक्षा आखूड व्हायला लागली. शेवटी तो पाण्यावरून धावतच सुटला, दोन्ही पायांनी पाणी बडवत, आणि गठ्ठ्यात घुसला. भोवत्या कणसांवर जाऊन बसला. आजी म्हणाल्या, "जित्या माणसाची एवढी दमछाक झाली असती तर हाय खाल्ली असती. तो बघ, परत खायला लागला." मुलगा तासाभराने परत आला, गरुड मिळाला नव्हता. आजींनी गाडीत बसेपर्यंत त्याला हीच गोष्ट सांगितली.

पाणकणसाच्या बुडाशी दुसरा एक पक्षी असतो, त्याला शंकर म्हणतात. चिमणीएवढा, पाठीकडून मातकट, शेपटीच्या बुडाशी विटकरी. समोर वळला की गळ्यावर निळ्या आणि तांबड्या रंगाचे पट्टे. तो आपली हद्द धरून राहतो. एक जण कित्येक आठवडे त्याच पंधरा-वीस पावलांच्या पट्ट्यात फिरतो, म्हणून रोज जाणाऱ्याला तो सहज भेटतो आणि एकदाच येणाऱ्याला भेटत नाही. उंदरासारखं पळायचं, थांबायचं, शेपटी उचलायची, परत गवतात. त्याला दाखवण्यासाठी मला काही कौशल्य लागत नाही, जागा माहीत असते एवढंच. गाईडच्या हुशारीचं लोक कौतुक करतात, त्यातली बरीचशी हुशारी ही रोज त्याच वाटेने चालण्याची असते.

चिखलात रात्रीची हजेरीही लागलेली असते. मुंगसाची बारीक पावलं, कोल्ह्याची सरळ रेषेत गेलेली, कधी बिबट्याची. कोल्ह्या-कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो, त्याचा ठसा गोलसर आणि बिननखांचा. आमच्याकडे बिबट्या उसात राहतो. त्याच्यासाठी ऊस हेच जंगल, तिथेच पिल्लं होतात. तोडणी सुरू झाली की शेवटच्या सऱ्यांत पिल्लं सापडतात आणि टोळी कोयते टाकून बाहेर येते. अशा वेळी पिल्लं उचलून घरी न्यायची नाहीत, मोबाइलसाठी हातात धरायची नाहीत, वनखात्याला कळवायचं. ते पिल्लं तपासून त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा रात्री आई येऊन घेऊन जाते. पाहुण्यांना मी ठसा दाखवतो तेव्हा ते हरखतात. रात्री पाणी भरायला जाणाऱ्या माझ्या भावाला तोच ठसा दाखवला की तो दुसऱ्या दिवशी सोबतीला कुणाला तरी घेऊन जातो.

पाणी नुसतं उतरतंच असं नाही. रब्बीचं आवर्तन सुटलं की कालव्याला पाणी जातं आणि पातळी हलते. दुष्काळी वर्षी समन्यायी वाटपाच्या नियमाने वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सुटतं, तेही याच बंधाऱ्यावरून पुढे जातं. 2023 च्या नोव्हेंबरअखेर असं पाणी सुटलं होतं. त्यावरून वर-खाली भांडण पेटतं, मोर्चे निघतात, कोर्टकचेऱ्या होतात. त्या भांडणात पक्ष्यांचं नाव कुणी घेत नाही आणि घेण्याची अपेक्षाही नाही, पण पाणी चढलेलं सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.

अशा एका सकाळी बाभळीच्या खोडाची रेघ दिसेना. चिखलाचा सगळा पट्टा पाण्याखाली. टिलवे नाहीत, तुतवारी नाहीत, पाणटिवळे तर नाहीतच. बरोबरच्या पाहुण्यांनी हिरमुसून विचारलं, "सगळे गेले?" आम्ही काठ सोडून शेतांकडे गेलो. नुकतंच पाणी भरलेल्या कांद्याच्या वाफ्यांत शेकाटे उभे होते, बांधाकडेला तुतवारी. परत जलाशयावर आलो तर नव्याने बुडालेल्या गवतात बगळ्यांची झुंबड होती, कारण पाण्याने हुसकावलेले किडे आणि बेडूक काड्यांच्या टोकांवर चढून बसले होते. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात धरून पायाने तळ ढवळत होते. मासा चोचीला लागला की चोच आपोआप मिटते. कुणी गेलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या मापाचं पाणी शोधलं होतं. मात्र असं शोधायला आसपास दुसरी उथळ जागा असावी लागते. गावतळी बुजवली, ओढे सरळ केले, पडीक पाणथळीवर भराव टाकला, की धरणाच्या एका दरवाज्याने त्यांचं सगळं हिवाळ्याचं घर बुडतं.

काही गोष्टी पाण्याबरोबर वाहतही येतात. वरच्या शहरांचं सांडपाणी नदीत उतरतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते. हिरवा गालिचा म्हणून पाहुणे फोटो काढतात. खाली उजेड जात नाही, पाणी कोंडतं, आणि बदकांना उतरायला मोकळी जागा उरत नाही. मग संक्रांत. येवला-नाशिककडे पतंगाचं वेड मोठं. नायलॉन मांजावर 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत बाभळींवर मांजा लोंबकळतोच. एका ढोकरीचा पंख त्यात गुंतला होता. अशा पक्ष्याला सोडवताना आधी त्याच्या डोक्यावर कापड टाकायचं, डोळ्यांपुढे अंधार झाला की तो शांत होतो. मांजा ओढायचा नाही. ओढला की तो मांसात आणखी रुततो. दोन्ही बाजूंनी कापायचा आणि पंखातला तुकडा डॉक्टरांनाच काढू द्यायचा. ढोकरीची चोच माझ्या डोळ्यापासून वीतभरावर होती आणि तिने ती दोनदा चालवून पाहिली. बगळ्याच्या जातीचा पक्षी हातात घेताना मान धरायला विसरू नये. तिला आम्ही खोक्यात घालून उपचाराला पाठवलं.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. आशियाभर ही गणना 1987 पासून चालू आहे. हजारभर बदकं एकेक करून मोजता येत नाहीत. आधी दहा मोजायची, दहाचा गठ्ठा डोळ्यांत बसवायचा, मग थव्यावर तोच गठ्ठा पुढे पुढे ठेवत जायचा. थवा मोठा असेल तर शंभराचा. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडा ताडून बघायचा. गणनेच्या दिवशी शहरातले पक्षीमित्र येतात, वनखात्याचे लोक असतात, आमच्यासारखे गाववाले असतात. दुपारी पिठलं-भाकरीवर आकड्यांची घासाघीस होते. कुणी एखादा दुर्मिळ पक्षी पाहिलेला असला तर सगळे त्याच्याभोवती. वारकरी किती होते हे सांगणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

माझं गाऱ्हाणं तिथेच आहे. 2023 मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल निघाला. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. लांब पल्ल्याचा कल ज्यांच्याबाबत काढता आला अशा 338 जातींपैकी 60 टक्के घटलेल्या निघाल्या. ज्यांची तातडीने काळजी घ्यायला हवी अशा 178 जातींत चक्रवाकाचं नाव होतं. नानांचा हरभरा खाणारा तोच भगवा. आमच्याकडे तो दर हिवाळ्यात दिसतो, म्हणून कुणी त्याला मोजत नव्हतं. 'आहेतच की' म्हणून सोडून देत होतो. दुर्मिळ पक्ष्यावर शंभर डोळे असतात, तो नाहीसा झाला तर बातमी होते. रोजचा पक्षी पन्नासाचा चाळीस झाला, चाळीसाचा पंचवीस झाला, तर ते फक्त रोजच्या वहीत दिसतं. तेही वहीत 'आज शून्य' असं लिहायची सवय असेल तरच. आपण दिसलेलं लिहितो, न दिसलेलं लिहीत नाही. पुढे कुणी विचारलं की हा पक्षी कधीपासून कमी झाला, तर कोरी जागा उत्तर देत नाही, शून्य देतं.

म्हणून मी माझ्या वहीत दुर्मिळ पक्ष्याला एक ओळ देतो आणि वारकरी, टिबुकली, ढोकरी, टिटवी यांनाही एकेकच. पाणी सगळ्यात वर. ही वही संध्याकाळी मोबाइलवरून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवतो. तिथून ती अभ्यासकांपर्यंत पोचते, आणि कधी पाण्याच्या नियोजनाची चर्चा होईलच, तर बोट ठेवायला आमच्याकडे काही तरी असेल.

तुम्ही नांदूरला या, जरूर या. आमचं पोट त्यावर आहे. आलात तर उडवण्यासाठी खडे मारू नका, गाण्याच्या कॅसेटी लावू नका, आणि काठावरून कांद्याची एक गोणी घेऊन जा. पण परत गेल्यावर तुमच्या गावातलं एक पाणी निवडा. पाझर तलाव चालेल, गावतळं चालेल, वस्तीमागचं डबकंही चालेल. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी जा. पाण्यात उभा असलेला एखादा दगड किंवा खोड धरून पातळी लिहा. मग जे रोजचे असतील ते सगळे मोजा, आणि जे आले नसतील त्यांच्यापुढे शून्य टाका.